परत घेतलेली साक्ष

दादाने जन्मात एकच काम घाईने केलं, आणि तेही नेमकं देवाच्या दारात. एरवी माणूस इतका सावकाश, की बायकोने लग्नाला होकार दिला तेव्हा त्याने तिला "नक्की ना?" असं दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारलंस तर नाही म्हणेन, असं तिने दरडावलं, तेव्हा कुठे गडी गप्प बसला.

तो डायलिसिसच्या विभागात तंत्रज्ञ होता. किडन्या निकामी झालेल्या माणसांना मशीनला जोडायचं, त्यांचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत पाठवायचं, हे त्याचं रोजचं काम. मशीनने बोंब ठोकली की कामाला नव्या लागलेल्या मुली धावत सुटायच्या. दादा आधी पेशंटच्या तोंडाकडे बघायचा, मग नळीकडे, मग मशीनकडे. सगळे पेशंट त्याला दादा म्हणायचे, डॉक्टरबाईही दादाच म्हणायच्या, आणि ज्याचा तो खरोखरीचा दादा होता तो धाकटा भाऊ आठवड्यातले ठरलेले दिवस त्याच विभागात, खिडकीजवळच्या खुर्चीवर, हात पसरून पडलेला असायचा.

या धाकट्याला सगळं गाव मास्तर म्हणायचं. शाळेतला मास्तर नव्हे, मोटार शिकवणारा. चर्चच्या मंडळीतल्या अर्ध्याअधिक माणसांना त्यानेच गाडी शिकवली होती. पाळकांनासुद्धा. पाळकसाहेब चौक आला की डोळे मिटून घ्यायचे, तेव्हा मास्तर म्हणायचा, "साहेब, मिटल्या डोळ्यांची प्रार्थना रविवारी. इथे उघड्या डोळ्यांनी करा." असा हा बोलघेवडा माणूस. दोन्ही किडन्या गेल्या, गाडी सुटली, पाय सुजले, पाणी घोटाघोटाने प्यायची पाळी आली, पण तोंड काही बंद पडलं नाही. घशाला कोरड पडली की बर्फाचा खडा गालात धरायचा आणि तसाच बोबडं बोलत राहायचा.

मशीनवर माणूस जगतो, पण ते जगणं म्हणजे उधारीवरचं जगणं. दादाने अशी कितीतरी माणसं पाहिली होती. हसत यायची, मग काठी टेकत यायची, मग चाकांच्या खुर्चीवरून यायची, आणि मग एके दिवशी त्यांच्या जागी दुसरंच कुणी बसलेलं असायचं. भावाच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. मास्तरच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही. मग दादाने स्वतःची तपासणी सुरू केली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, बाही वर केली आणि रक्त दिलं.

एकेक तपासणी पार पडत गेली. एका शनिवारी डॉक्टरबाईंनी त्याला गाठलं आणि हसून म्हणाल्या, "दादा, जुळतंय. आता शेवटची एक राहिली. तुमच्या दोन्ही किडन्या किती किती काम करतात ते बघायचं. तेवढं झालं की दिवस ठरवू."

दादाला आभाळ ठेंगणं झालं. घरी आला, बायकोला सांगितलं, आणि वर स्वतःच बजावलं, "पण शेवटची तपासणी बाकी आहे हं. आत्ताच कुठे बोलू नकोस."

बायको नाही बोलली. बोलला तो हाच!

आता त्यांच्या मंडळीची रीत अशी, की रविवारच्या उपासनेत गाणी झाली की साक्षीची वेळ असायची. ज्याच्यासाठी प्रभूने काही केलं असेल त्याने पुढे यायचं, चार शब्द सांगायचे. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाची दारू सुटली, कुणाच्या घराचं छत गळायचं थांबलं. दादा इतक्या वर्षांत एकदाही पुढे गेला नव्हता. पण त्या रविवारी पाळकांनी नेमका तोच विषय काढला. हातात पडायच्या आधी आभार मानणं म्हणजेच विश्वास, ख्रिस्त राजा आहे तर त्याच्या शब्दावर पावती कसली मागता, असं ते कळवळून म्हणाले.  दादाला वाटलं, हे आपल्यालाच चाललंय. आपण शेवटच्या तपासणीची वाट बघत बसलोय, म्हणजे राजावर संशयच घेतोय की.

आणि तो उठला. पुढे गेला. "प्रभूने माझ्या भावाला किडनी दिली," तो म्हणाला, "माझी जुळली. ख्रिस्त राज्य करतो हे मी ऐकून होतो, आता डोळ्यांनी पाहिलं." शेवटच्या तपासणीचं वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

काय सांगावं, छप्पर उडायचंच बाकी होतं. माणसं रडली, हसली, एकमेकांच्या गळ्यात पडली. मास्तरची बायको तोंडावर पदर धरून हमसून हमसून रडत होती. पाळकांनी गुडघे टेकून आभारप्रार्थना केली. एकटा मास्तर तेवढा मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत बसला होता. दादाला वाटलं, पोरगं भारावून गेलंय.

शेवटची तपासणी झाली, आणि डॉक्टरबाईंनी त्याला आपल्या खोलीत बोलावून दार लोटलं.  या खोलीचं दार त्या कधी लोटतात हे त्याला ठाऊक होतं.

"दादा, मी काय सांगू, तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

पडद्यावर दोन ठिपके होते. उजवा ठळक, भरलेला. डावा असा फिकट, की आहे म्हणून आहे.

"आधीच्या सोनोग्राफीत डावी जरा लहान वाटली होती," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेवढं चालतं म्हणून आपण पुढे गेलो. पण ती कामच करत नाहीये. सगळा भार उजवीवर आहे. बहुतेक लहानपणापासूनच."

"मग उजवी घ्या."

"आणि तुम्ही?"

"माझं मी बघेन."

"काय बघाल?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "दादा, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर तुम्हाला बसवू का मी? असं कुठलाही डॉक्टर करणार नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर केलं असतं?"

 डावी द्यावी तर ती कुणाच्या उपयोगाची नाही, उजवी द्यावी तर आपणच उरत नाही. हिशेब लहान मुलालाही कळावा असा सरळ होता, आणि त्याला पळवाट नव्हती. "मयत दात्याच्या रांगेत त्याचं नाव आहेच," डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाट बघू." वाट बघू म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या दोघांनाही माहीत होतं.

तो तिथून निघाला तो थेट सामानाच्या खोलीत शिरला. मशीनला लागणाऱ्या औषधी पाण्याचे मोठमोठे कॅन तिथे छतापर्यंत रचलेले असायचे. एका कॅनवर तो बसला आणि त्याचा संयम सुटला.

"राजा आहेस ना तू?" तो दबक्या आवाजात म्हणाला, कारण भिंतीपलीकडे पेशंट होते. "मग सोड ना हुकूम! वादळाला गप्प बस म्हणालास, ते बसलं. माझ्या डाव्या किडनीला ऊठ म्हणायला तुझ्या जिवावर आलं? इतकी वर्षं ती झोपलीय, तुला माहीत होतं. मला चारचौघांत उभं राहायला लावलंस तेव्हाही माहीत होतं. मग माझं तोंड का नाही धरलंस?"

 कॅन जागच्या जागी होते. दादाने कपाळ एका कॅनला टेकवलं, प्लास्टिक गार लागत होतं. आपण इतके लाचार कधीच नव्हतो, असं त्याला वाटलं. मशीन बिघडलं तर उघडता येतं, नळी तुंबली तर बदलता येते. इथे हातात काही नव्हतंच. तेवढ्यात बाहेर कुठलंसं मशीन बोंबलायला लागलं. दादा डोळे पुसून उठला. राजा बोलो न बोलो, कुणाची तरी नळी पिळली होती आणि ती सरळ करायला हवी होती.

घरी बायकोने सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडून काय निघालं असेल? "देवा, तुझे उपकार."

"कसले उपकार?" दादा उसळला.

"अरे, तपासणी झाली म्हणून कळलं. नाहीतर तू एका किडनीवर आहेस हे कुणाला माहीत होतं? मीठ, गोळ्या, काही सांभाळलं नसतंस. उद्या तूच त्या खुर्चीवर..." ती बोलता बोलता रडायला लागली. "मला भाऊजी हवेत रे. पण तूही हवास. मी काय करू? आनंद झाला तर झाला, तो कुठे लपवू?"

दादा तिच्यावर चिडणार होता, पण चिडता येईना. ती खरं बोलत होती. एकाच बातमीने एका घरात जीव भांड्यात पडावा आणि दुसऱ्या घरात सगळं पालथं व्हावं, आणि दोन्ही घरं आपलीच असावीत, हे त्याला सोसेना. तो न जेवता झोपायला गेला, आणि झोपही आली नाही.

मास्तरला सांगायचं राहिलंच होतं. दादाने ठरवलं, त्याच्या घरी जाऊन, शेजारी बसवून, नीट सांगू. पण त्याच्याआधी मास्तरचा मशीनचा दिवस आला. मास्तर आला तोच खुशीत. दादाने त्याला जोडलं, पंप फिरायला लागला, लाल नळी भरली, आणि याची टकळी सुरू झाली.

"दादा, मी ठरवलंय. ऑपरेशन झालं की सगळ्यात आधी पाणी प्यायचं. पेलाबिला नाही, तांब्याच तोंडाला लावायचा. गार. सांडलं अंगावर तर सांडू दे. पण तुझी किडनी म्हणजे सावकाशीचं काम, नाही का? आज पाणी प्यायलो तर परवा बाथरूमला जावं लागेल."

शेजारच्या खुर्चीवरची बाई फिसकन हसली. दादालाही हसायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मास्तर, नाही जमणार रे."

"काय नाही जमणार?"

दादाने स्टूल ओढलं आणि त्याच्या कानाशी बसून सांगून टाकलं. ठिपके, डावी, उजवी, सगळं. जागा चुकीची, वेळ चुकीची. मास्तरला उठून जाता येईना, कारण त्याचं रक्त मशीनमध्ये होतं. दादाला उठून जाता येईना, कारण मशीन त्याच्या हवाली होतं.

मास्तर आधी हसला. "म्हणजे जन्मभर तू एकाच इंजिनवर पळालास? तरीच चढाला धापा टाकतोस." मग त्याने मान खिडकीकडे वळवली. खांदे हलायला लागले. सुयांचा हात हलवायचा नसतो, म्हणून तो तसाच ठेवून दुसऱ्या हाताने डोळे दाबत तो लहान मुलासारखा रडला. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग मास्तरला एकाएकी जांभई आली. पुन्हा आली. कपाळाला घाम फुटला, ओठ पांढरे पडले. रक्तदाब कोसळत होता. दादाने खुर्ची आडवी केली, पाय वर उचलले, सलाईन सोडलं, मशीनचं अंगातलं पाणी ओढणं थांबवलं. हात आपोआप चालत होते आणि मनात एकच धावा, आत्ता नको, असं नको, मी सांगितलं म्हणून नको. थोड्या वेळाने मास्तरच्या चेहऱ्यावर रंग आला.

"घाबरलास?" त्याने विचारलं.

"तर काय! जीव गेला होता माझा."

"तुझा जाऊन कसं चालेल? एकच इंजिन आहे." तो डोळे मिटून पडून राहिला. मग डोळे न उघडताच म्हणाला, "दादा, त्या रविवारी मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाहिलंस?"

"पाहिलं. मला वाटलं, भारावलास."

"भारावतोय कसला! सगळे आभार मानत होते, आणि मला भीती वाटत होती. तुझं पोट फाडणार, त्यातून काढणार, आणि मी म्हणायचं धन्यवाद? तुला नको म्हणायला हवं होतं मी. पण मला जगायचं होतं रे. म्हणून गप्प बसलो. बुटांकडे बघत बसलो."

 दादाने उगाचच नळीवरची चिकटपट्टी दाबून बसवली.

"जन्मभर मी शेजारच्या सीटवर बसलो," मास्तर म्हणाला. "स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात. तो गाडी कुठे घालेल याचा नेम नाही. पण माझ्या पायाखाली ब्रेक असायचा. म्हणून मी जोक मारू शकत होतो. आता ब्रेकही नाही, दादा."

"तुला काय वाटतं? गाडी कुणी चालवतंय का?"

मास्तरने डोळे उघडले. पंपाकडे पाहिलं. "चालवत असेल," तो म्हणाला. "पण रस्ता मला अजिबात पटलेला नाही, हे मी त्याला तोंडावर सांगणार आहे. आणि उतरायचं म्हटलं तर उतरून जाऊ कुठे?"

मास्तरची बायको मात्र इतक्या समजुतीने बोलली नाही, आणि का बोलावं तिने? दादा त्यांच्या घरी गेला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. ओला टॉवेल तिच्या हातातच राहिला.

"दादा, तुम्हाला माहीत होतं ना तपासणी बाकी आहे?"

"होतं."

"मग? तुम्ही उभे राहिलात म्हणून मी पोरीला सांगितलं, बाबा बरे होणार. तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं. आता मी तिला काय सांगू? राजाने दिलं आणि राजाने परत घेतलं? देऊन परत घेणाऱ्या तिला भांडलेल्या मैत्रिणी माहीत आहेत, राजे नाहीत."

"राजाने दिलंच नव्हतं," दादा म्हणाला. "मी दिलं होतं. त्याच्या नावावर खपवलं."

 तिने टॉवेल झटकून दोरीवर टाकला आणि आत निघून गेली. आत जाऊन तिने त्याच्यासाठी पाणी आणलं, हे खरं, पण दिलं ते एक शब्द न बोलता.

तिथून दादा पाळकांकडे गेला. पाळक भला माणूस होता. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, डोळे पुसले. आणि मग म्हणाले, "तुम्ही पुढे यायची गरज नाही. मी प्रार्थनेच्या विनंतीत घालतो, की मास्तरांसाठी नवीन मार्ग उघडावा. लोक समजून घेतील."

"समजून नाही घेणार, साहेब. त्यांना वाटेल ऑपरेशन लांबलंय."

"पण साक्ष परत घ्यायची म्हणजे... असं आपल्याकडे कुणी केलेलं नाही. नवी माणसं येतात. त्यांचा विश्वास डळमळला तर?"

"माझा डळमळलाय, त्याचं काय?" दादा म्हणाला. आवाज चढला म्हणून लगेच वरमला. "साहेब, मी त्याच्या नावाने खोटं बोललो. राजाची सही मीच ठोकली. ते तसंच ठेवून मला गाणी म्हणता येणार नाहीत."

पाळकांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "त्या रविवारी तसं मी बोललो म्हणून तुम्ही उठलात, होय ना?" त्यांनी विचारलं. दादाने मान हलवली. "मग या," पाळक म्हणाले. "मी बाजूलाच उभा राहीन."

रविवारी दादा पुढे गेला तेव्हा लोकांचे चेहरे आधीच फुलले होते. त्यांना वाटलं, दिवस ठरला. मास्तर पहिल्या ओळीत बसला होता, शेजारी बायको, मांडीवर पोरगी. दादाने घरी बसून काय काय जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"मी मागे इथे उभा राहून सांगितलं, प्रभूने माझ्या भावाला किडनी दिली," तो म्हणाला. "ते खरं नव्हतं. एक तपासणी बाकी होती. मला माहीत होतं. मी ते गिळलं, कारण मला वाटलं, थांबलो तर विश्वास कमी पडेल. तपासणी झाली. मला किडनी देता येणार नाही. ती साक्ष मी परत घेतो."

मागून कुणीतरी सवयीने "आमेन" म्हणालं आणि म्हणता म्हणताच ओशाळलं.  पंखे तेवढे फिरत होते. पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीने न राहवून विचारलं, "मग बाळा, आता त्याचं कसं?"

"माहीत नाही, आजी."

"आणि प्रभू?"

दादाने पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी नजर खाली घातली. 

"राजा आहे का विचाराल, तर आहे," दादा म्हणाला. "मी परवा सामानाच्या खोलीत त्याच्याशी कडाकडा भांडलो. नसता तर भांडलो कुणाशी? पण तो काय करतोय ते मला विचारू नका. मला नाही सांगता येणार." एवढं बोलून तो खाली उतरला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.  बायकोने त्याचा हात धरला.

आता पुढे काय, तर त्या दिवशी एका जोडप्याचं बाळ आशीर्वादासाठी आणायचं होतं! कितीतरी वर्षांनी झालेलं लेकरू, आईबाप नवे कपडे घालून, फुलं घेऊन केव्हाचे ताटकळत बसलेले. ते बिचारे उठेनात. इतक्या दुःखावर आपला आनंद कसा नेऊन ठेवायचा, असं त्यांना झालं. पाळकांनी खूण केली तेव्हा ते चोरासारखे पुढे आले. पाळकांचेही हात ओलसर, मन थाऱ्यावर नाही. त्यांनी बाळाला घेतलं ते असं अवघडून, की बाळाने भोकाड पसरलं. हलवावं तर जास्तच रडे.

"साहेब," पहिल्या ओळीतून मास्तरचा आवाज आला, "क्लच हळू सोडा!"

क्षणभर कुणाला कळेना हसावं की नाही. मग पाळकच हसले, बाळाची आई हसली, आणि हसू मागपर्यंत गेलं. अर्ध्या माणसांचे डोळे वाहत होते आणि तोंडं हसत होती. मास्तरची बायको नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. पाळकांनी प्रार्थना केली. बाळासाठी केली आणि मास्तरसाठीही केली, एकाच दमात, आणि दादाच्या लक्षात आलं की त्यांनी या खेपेला कशाचंच आश्वासन दिलं नाही. नुसतं म्हणाले, तू आमचा राजा आहेस, आम्हाला सोडू नकोस.

दुसऱ्या दिवशी मास्तर मशीनवर आला. खुर्चीत पसरला, बाही वर केली. त्याच्या हातावर, जिथे नेहमी टोचायचं तिथे, शीर दोरखंडासारखी फुगून थरथरत होती. दादाने हात धुतले, हातमोजे चढवले, जागा पुसली. रक्त बाहेर काढायला एक आणि परत सोडायला एक अशा दोन सुया, त्यातली पहिली त्याने उचलली. हे काम त्याने इतक्या वेळा केलं होतं, की झोपेतही केलं असतं.

पण सुईचं टोक हलत होतं. त्याने ती खाली ठेवली, श्वास घेतला, पुन्हा उचलली. पुन्हा तेच.

मास्तर बघत होता. "दादा, काल तू म्हणालास तो राजा आहे."

"हो."

"अजून मानतोस?"

"मानतो."

"मग हात का कापतोय?"

"मानतो म्हणून कापायचा थांबत नाही रे," दादा म्हणाला. "मी काय करू? मला तुला बरं करायचं होतं. मला एवढंच येतं, हे टोचायचं, आणि आज तेही जमत नाहीये."

 बर्फाचा खडा गालात होता तो मास्तरने गिळला. मग आपला मोकळा हात पलीकडून आणून त्याने दादाचं मनगट धरलं, घट्ट.

"टोच," तो म्हणाला.

दादाने टोचलं. नळीत रक्त चढलं.

"झालं?"

"एक झाली. अजून एक आहे."

मास्तरने मनगट सोडलं नाही.